बिबड्यांशेजारी वाळत घातलेली कॅसेट

सुलक्षणा मॅडमला रागात बोलायची सवय होती, पण रागात बोललेलं करून दाखवायची वेळ आजपर्यंत कधी आली नव्हती. ती गुरुवारी आली.

मॅडम अमळनेरला एका कॉलेजात ग्रंथपाल. अमळनेरचं नावाजलेलं ते नव्हे. हे दुसरं, रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर तो आधी नावाजलेल्या कॉलेजला नेतो आणि मग परत आणायचे वेगळे मागतो, ते. तर तिथल्या लायब्ररीत कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. कपाटात व्हिडिओ कॅसेट. काळ्या, जाड, विटेएवढ्या. एकेकाळी ह्या कॅसेट बघायला पोरं रांग लावायची म्हणे. आता पोरं त्या कपाटाच्या कडेला फोन चार्जिंगला लावायची आणि कपाटाला टेकून उभी राहायची. तेवढाच काय तो उपयोग.

जूनमध्ये कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं की प्राचार्य सैंदाणे सरांना भिंती दिसत नाहीत, कोपरे दिसतात. त्यांना ह्या कोपऱ्यात 'डिजिटल कोपरा' दिसला. गुबगुबीत पिशव्यांसारख्या खुर्च्या, भिंतीवर ढगाचं चित्र.

"हे कपाट भंगारात काढा," सर म्हणाले. "जे ह्यात आहे ते सगळं फोनवर आहे."

"सगळं नाही," मॅडम म्हणाल्या.

"एक सांगा. फोनवर नाही अशी एक गोष्ट सांगा ह्या कपाटातली."

आता माणसानं अशा वेळी विचार करायला थोडा वेळ घ्यावा की नाही? मॅडमनी घेतला नाही. कपाटाच्या काचेतून समोर जे लेबल दिसलं ते वाचून टाकलं. "आखाजीची गाणी. बोरसे सरांनी खेड्यात जाऊन शूट केलेली. अक्षय्य तृतीयेला बायका झोक्यावर बसून अहिराणी गाणी म्हणताहेत. त्यातली एक बाई आज जिवंत नाही. कुठल्या फोनवर आहे ते दाखवा मला."

बोरसे सर मराठीचे, वारून बरीच वर्षं झालेली. मॅडम कॉलेजात लागल्या त्याच्याही आधीची ती कॅसेट. मॅडमनी ती कधी बघितलीच नव्हती. बायका झोक्यावर आहेत की जमिनीवर, जिवंत आहेत की नाहीत, हे सगळं त्यांनी तिथल्या तिथं रचलेलं. पण बोलल्या अशा, की जणू कालच त्या बायकांच्या मांडीला मांडी लावून बसून आल्या.

सैंदाणे सर तसे खडूस नव्हते, पण हुशार होते, आणि ते जास्त वाईट. म्हणाले, "छान. सोमवारी सगळ्या स्टाफला दाखवा. गाणी दिसली तर कपाट राहील. नाही दिसली, तर भंगारवाल्याला सोमवारीच बोलावून ठेवतो."

झालं. कपाट आता मॅडमच्या शब्दावर उभं राहिलं.

कॅसेट लावायला व्हीसीआर लागतो. लायब्ररीचा होता. म्हणजे होताही आणि नव्हताही. कॉलेजच्या भांडारात, कारकून उखर्डूभाऊंच्या टेबलाशेजारी, डोळ्यांसमोर पडलेला होता. उखर्डूभाऊ त्याच्यावर डबा ठेवायचे.

"तो नाहीये मॅडम," उखर्डूभाऊ म्हणाले.

"अहो हा काय. तुमच्या डब्याखाली."

"दिसतोय तो. पण कागदावर आपण त्याला काढून टाकलाय. निर्लेखन झालं त्याचं. जे नाहीच ते तुमच्या नावावर कसं देऊ?"

"मग विकून टाकायचा ना."

"लिलाव कमिटीनं विकायचा. कमिटीचे अध्यक्ष रिटायर झाले. नवे अजून नेमले नाहीत." उखर्डूभाऊंनी डब्यातली भाकरी मोडली. "त्याला हात लागला, तर नसलेल्या वस्तूला हात लावल्याचा मेमो निघंल. तो कुणाच्या नावानं काढायचा, तेही मलाच ठरवावं लागंल. माझ्या डोक्याला ताप नका देऊ."

एवढी मोठी बाई, एमलिब झालेली, भाकरीच्या डब्याकडे बघत उभी राहिली. वस्तू मेली पण तिचा दहावा राहिला, अशातली गत. मॅडम कॅसेट पर्समध्ये टाकून गाडीत बसल्या आणि जळगावला पिंप्राळ्यात घरी आल्या.

पिंप्राळ्यात कॉलनी म्हटली की सल्ल्याला तोटा नाही. मॅडमच्या नवऱ्यानं, भूपेंद्ररावांनी, चांगल्या मनानं कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: 'व्हीसीआर पाहिजे, अर्जंट.' संध्याकाळपर्यंत दारात काय काय आलं. एकानं डीव्हीडी प्लेयर आणला. एकानं डिशचा डबा आणला. एका आजोबांनी गाण्यांचा टेप आणला आणि तो मोठ्यानं लावून चालतो म्हणून दाखवला, आणि मग तिथंच चहा घेऊन बसले. शेजारच्या प्रमिलाकाकूंनी इडलीपात्र आणलं, पण ते वेगळ्या कामासाठी, मागे नेलेलं परत.

"काय त्या व्हीसीआरच्या नादाला लागता," वरच्या मजल्यावरचा कुंदन म्हणाला. कुंदन कॉम्प्युटरचा कोर्स करायचा, म्हणून कॉलनीत त्याला डॉक्टरच्या खालोखाल मान. "यूट्यूबवर टाका आणि मग टीव्हीवर बघा."

"यूट्यूबवर टाकायला आधी लावावी लागंल ना ती," मॅडम म्हणाल्या.

"मग लावून टाका."

"कशावर?"

कुंदननं कॅसेट उलटीपालटी केली. वायर कुठं लावायची ते भोक शोधलं, सापडलं नाही. मग पुढची झडप उचलली, आत डोकावला, आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यात तर दही लागलंय."

दही नव्हतं. बुरशी होती. काळ्या पट्टीच्या कडेकडेनं पांढरी, केसाळ.

आता जमलेल्या सगळ्यांना नवा विषय मिळाला. तांदळाच्या डब्यात ठेवा, फोन ओला झाला की ठेवतात तसं. फ्रीजमध्ये ठेवा. धूप दाखवा. प्रमिलाकाकू म्हणाल्या व्हिनेगर, त्यांचं सगळ्यालाच व्हिनेगर असतं. आणि एवढ्यात आतून मॅडमच्या सासूबाई, शेवंताअक्का, पदराला हात पुसत बाहेर आल्या. अक्कांनी आयुष्यात बुरशीशी जेवढी लढाई केली तेवढी कुठल्या कंपनीच्या औषधानं केली नसेल. त्यांनी कॅसेट नाकाशी नेली, वास घेतला, निकाल दिला.

"उन मा टाक. बठ्ठी बुरशी मरी जाई."

आता ह्यात चुकीचं काय आहे सांगा. मे महिना. जळगावचं ऊन. ह्या उन्हात गव्हातले किडे मरतात, गाद्यांतले ढेकूण मरतात, लोणच्याची फोड मुरते, हळद कडक होते. खान्देशातल्या माणसाला ऊन हे काही संकट नाही, ती घरातली एक वस्तू आहे, कपाट-पंखा असतो तशी. शनिवारी सकाळी गच्चीवर अक्कांचे ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले. पापडासारखे पातळ, गोल, जुन्या साडीवर रांगेनं. त्यांच्या टोकाला एक जागा मोकळी होती. एमलिब झालेल्या बाईनं स्वतःच्या हातानं त्या जागी कॅसेट ठेवली, झडप उघडी राहावी म्हणून आत काडी अडकवली, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला अक्कांना सांगून धुळ्याच्या एसटीत बसली.

कारण व्हीसीआर धुळ्याला सापडला होता.

भूपेंद्रराव मूळचे धुळ्याचे. त्यांच्या लहानपणी आग्रा रोडजवळ कादरभाई व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. फोन केला, कादरभाई जिवंत होता, व्हीसीआरही जिवंत होता. आता त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. दुकानात हजार कव्हरं लटकलेली आणि मागं फळीवर, विणलेल्या रुमालाखाली, व्हीसीआर. त्याच्या आईनं, अमिनाबींनी, विणलेला रुमाल.

"रोज चालू करून बघतो भाभी," कादरभाई म्हणाला. "घोड्याला रोज फिरवावा लागतो तसा. नाहीतर पाय धरतो."

"मग द्या. मंगळवारी परत आणून देते."

कादरभाईनं मॅडमकडं असं बघितलं, जसं त्यांनी त्याची मुलगी मंगळवारपर्यंत मागितली. "देतो म्हणजे? भाभी, व्हीसीआर एकटा नाही जात. कधीच गेला नाही. व्हीसीआर गेला म्हणजे माणूस सोबत जातो. माणूस लावतो, माणूस काढतो, माणूस जेवतो, आणि माणूस घेऊन येतो."

"अहो पण आता कोण चोरणार आहे हा?"

"चोरायची बात नाही. इज्जतीची बात आहे."

आणि कादरभाईनं खरोखर दुकानाचं शटर ओढलं, व्हीसीआर मांडीवर घेतला, आणि जळगावच्या एसटीत खिडकीशी बसला. कंडक्टरनं विचारलं, ह्याचं तिकीट? मॅडमचं डोकं आधीच तापलेलं. त्या म्हणाल्या, "दूध पितं आहे अजून, तिकीट लागत नाही." कंडक्टर हसला नाही. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत कादरभाई प्रत्येक खड्ड्याला व्हीसीआर छातीशी धरून वर उचलायचा आणि खाली ठेवायचा, आणि आतला हेड हलला तर काय काय होतं ते सांगायचा. एरंडोलला एक म्हातारा चढला, त्यानं विचारलं, पेटीत देव आहे का. कादरभाई म्हणाला, तसंच समजा.

मॅडम मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्यांना पहिल्यांदा खरंच प्रश्न पडला होता की त्या कॅसेटमध्ये आहे तरी काय. आपण बोलून बसलो झोका, बोलून बसलो बायका. असेल का झोका?

घरी आल्या तर अक्का गच्चीच्या जिन्यातच भेटल्या. चेहरा पडलेला.

"मी उलथी टाकी," अक्का म्हणाल्या. "एक बाजू शेकाई गयी, मंग दुसरी बी शेकाले नको?"

बिबडे उलटतात तशी अक्कांनी कॅसेट उलटली होती. दोन्ही बाजूंनी नीट शेकली गेली होती. बुरशी मेली, ह्यात वादच नाही, वाळून भुकटी झाली होती. पण वरचं प्लास्टिक असं वाकलं होतं, की शेजारच्या बिबड्यांत आणि त्याच्यात फरक फक्त रंगाचा. एक कोपरा वर, एक खाली.

मॅडम गच्चीच्या कठड्यावर बसल्या. रडल्या नाहीत, पण नाक लाल झालं. "सोमवारी काय तोंड दाखवू मी? बुरशीसकट नेली असती तरी बरी होती."

कादरभाई खाली जेवून घेत होता, कारण माणूस जेवतो. त्यानं बोटं चाटून पुसली आणि मॅडमनी खाली आणलेली कॅसेट कानाशी नेऊन हलवली. "पट्टी चांगली आहे. डबा मेला आहे. दुसरा डबा द्या, आतलं काढून त्यात भरू."

"कॉलेजात ढीग आहे," मॅडम म्हणाल्या. फोन लावला. उखर्डूभाऊ चुलत भावाच्या लग्नाला नंदुरबारला. लायब्ररीची किल्ली त्यांच्या कमरेला. ते सोमवारी सकाळीच येणार.

"घरात एखादी कॅसेट असंल ना?" कादरभाई म्हणाला.

घरात एक कॅसेट होती. शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या फुलांमागं. मॅडमनी भूपेंद्ररावांकडं बघितलं. भूपेंद्ररावांनी पंख्याकडं बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, फक्त डबा घ्यायचाय. आतलं तसंच ठेवू."

"आपलं लग्न बाहेर काढून ठेवणार? कशात?"

"कशाततरी ठेवू."

"कशाततरी." भूपेंद्रराव दुखावले. "एवढ्या वर्षांत तू ती एकदा तरी बघितली?"

"तुम्ही बघितली?"

"मी बघितली नाही म्हणून काय मला भावना नाहीत?"

पण कादरभाईनं तोवर स्क्रू काढायला घेतले होते. रविवारी दुपारभर तो फरशीवर चादर टाकून बसला आणि त्यानं स्वतःच्या उस्तादीच्या गोष्टी सांगितल्या. ह्या हातानं एकदा बुडालेली कॅसेट जिवंत केली, वगैरे. सांगता सांगता त्यानं एक स्प्रिंग उडवली, ती सोफ्याखाली गेली. सगळं घर पालथं पडून स्प्रिंग शोधत होतं, कुंदन फोनचा उजेड पाडत होता, आणि प्रमिलाकाकू व्हिनेगर घेऊन आलेल्या. स्प्रिंग शेवटी अक्कांच्या अंबाड्यात सापडली. कशी गेली ते कुणाला कळलं नाही आणि अक्कांनी चौकशी करू दिली नाही.

संध्याकाळपर्यंत आखाजीची पट्टी लग्नाच्या डब्यात बसली. आणि भूपेंद्ररावांचं लग्न, दोन चाकांवर गुंडाळलेलं, बिबड्यांच्या स्टीलच्या डब्यात. भूपेंद्ररावांनी डब्याला स्वतः फडकं बांधलं आणि तो उंच फळीवर ठेवला.

"आता लावून बघू," मॅडम म्हणाल्या.

"नाही," कादरभाई म्हणाला. "पट्टी उन्हातून आलीये. किती वेळा चालंल सांगता येत नाही. एकदा चालंल, ते तिथंच चालू द्या."

म्हणजे आत काय आहे ते न बघताच मॅडमनी सोमवारची गाडी पकडली. शेजारी कादरभाई, मांडीवर व्हीसीआर.

कॉलेजच्या फाटकात भंगारवाला पुना हातगाडी घेऊन उभाच होता. प्राचार्यांनी शब्द पाळला होता. पुनानं मॅडमच्या मागं येणाऱ्या कादरभाईच्या हातातल्या व्हीसीआरकडं बघितलं आणि विचारलं, "हे बी द्यायचंय का?" कादरभाईनं त्याला असं नजरेनं मारलं, की तो बाजूला सरकून उभा राहिला.

स्टाफरूमच्या नव्या स्क्रीनला जुन्या वायरीची भोकंच नव्हती. सगळं शोधून झालं. जुना डबा टीव्ही कॉलेजात एकच उरला होता, फाटकाजवळ वॉचमनच्या खोलीत. तो इतका जड, की उचलायला गेलेल्या दोन शिपायांनी तो न उचलताच कंबर धरली. शेवटी स्टाफच खोलीकडं आला. पीएचडी झालेली माणसं वॉचमनच्या बाजेवर बसली. प्राचार्य सैंदाणे एकमेव खुर्चीवर. बाकीचे दारात, खिडकीत. बाहेर पुना, आत डोकावून.

सरांनी कॅसेट हातात घेतली. लेबल मोठ्यानं वाचलं. "चि. भूपेंद्र आणि चि.सौ.कां. सुलक्षणा. शुभविवाह." मग चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, ही आखाजी?"

हशा झाला. उखर्डूभाऊंनीही हसून घेतलं, लग्नाला गेलेला माणूस, अजून मूडमध्ये होता. मॅडमचे कान तापले. "आतलं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. पण स्वतःलाच आता खात्री वाटेना. कादरभाईनं रविवारी दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या होत्या. एकसारख्या. काळ्या.

कादरभाईनं कॅसेट सरकवली. व्हीसीआरनं ती गिळली. आधी करकर, मग पाऊस पडावा तसे पांढरे ठिपके, मग एक पट्टा वरून खाली गेला. आणि कडुनिंब दिसला.

कडुनिंबाला झोका बांधलेला होता.

मॅडमनी श्वास सोडला. झोक्यावर एक म्हातारी, भोवती नऊवारीतल्या बायका, काही उभ्या, काही खाली बसलेल्या. मागं एक शेळी. चित्र मधूनच तिरकं व्हायचं, बायका वाकड्या व्हायच्या, मग सरळ. कॅमेऱ्यामागून बोरसे सरांचा आवाज आला, सगळ्यांपेक्षा मोठा, "हं मावशी, म्हणा आता."

म्हातारी कॅमेऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भो, हाई काय शे तुन्हा खांदावर?"

"कॅमेरा आहे मावशी. तुमची गाणी घ्यायचीत. म्हणा."

"म्हनसूत. पन पहिले सांग, तू जेवना का?"

बाजेवर कुणीतरी हसलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. गा गं बाई, त्या मनात म्हणाल्या. माझ्यासाठी गा.

पण बायकांना गायची घाईच नव्हती. एकीनं विचारलं, तुन्हं लगीन व्हयनं का. एकीनं विचारलं, ह्या मशीनला उन्हाचा त्रास होतो का. एक पोरगी पुढं येऊन काचेत बघून गेली, तिचा एकच डोळा सगळ्या टीव्हीभर झाला. बोरसे सर उत्तरं देत होते, दर उत्तरानंतर "आता म्हणा" म्हणत होते, आणि दर "आता म्हणा" नंतर नवा प्रश्न येत होता. सर घामाघूम झालेले दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

"गाणी कुठंयत मॅडम?" प्राचार्य हळूच म्हणाले. पण त्यांनी डोळे टीव्हीवरून काढले नाहीत.

गाणी दिसली तर कपाट राहील. अजून एकही दिसलं नव्हतं.

झोक्यावरच्या म्हातारीनं पायानं झोका थांबवला. "येन्हा मा आम्हीन कितला दिन ऱ्हासूत?" तिनं विचारलं.

ह्याच्यात आम्ही किती दिवस राहू. बोरसे सर म्हणाले, "खूप दिवस राहाल मावशी. आमच्या कॉलेजात कपाट आहे. त्यात ठेवीन तुम्हाला."

"कपाट मा?" म्हातारी बाकीच्या बायकांकडं वळली, मग परत कॅमेऱ्याकडं. "तठे वारा लागस का?"

तिथं वारा लागतो का. उखर्डूभाऊंनी दारावर टेकवलेला हात खाली घेतला.

मग म्हातारी एकदम तयार झाली. पदर सारखा केला. बायकांना खूण केली, त्या झोक्याभोवती दाटल्या. म्हातारीनं खाकरून घसा मोकळा केला, तोंड उघडलं, आणि बोरसे सर ओरडले, "थांबा, थांबा मावशी, कॅसेट संपली, दुसरी लावतो, हलू नका."

पांढरे ठिपके. करकर. कादरभाईनं बटण दाबलं, व्हीसीआरनं कॅसेट बाहेर काढून दिली.

"पुढं?" प्राचार्य म्हणाले.

"दुसरी कॅसेट असंल सर," मॅडम म्हणाल्या. "गाणी त्यात असतील. ह्यात नाहीत. मी चुकीचं बोलले."

"तुम्ही काय बोललात ते नंतर बघू. दुसरी कुठंय?"

"कपाटातच. पण निम्म्यांची लेबलं गळून पडलीत. कुठली ते लावल्याशिवाय कळणार नाही."

सैंदाणे सरांनी घड्याळ बघितलं नाही. ते उठले, तर सगळ्यांना वाटलं निघाले. पण त्यांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली आणि बसले. "ती म्हातारी गायली की नाही ते न बघता मी कपाट देऊ कसं? उखर्डूभाऊ, किल्ली घ्या. विनालेबलच्या आणा. सगळ्या आणा."

"बुरशी असंल त्यांना," कादरभाई म्हणाला. "साफ करायला दिवस लागतील."

"लागू द्या. पण उन्हात नका ठेवू," मॅडम म्हणाल्या, आणि एवढं बोलून पदरानं नाक पुसलं.

खिडकीतून आवाज आला. "साहेब, मग मी थांबू का जाऊ?"

सगळ्यांनी वळून बघितलं. पुना. सैंदाणे सरांना आठवेना की आपण ह्याला कशासाठी बोलावलं होतं. "काय थांबायचंय तुला?"

पुनानं थोडा विचार केला. मग हातगाडी भिंतीच्या सावलीत नेली, चाकाला दगड लावला, आणि दारात येऊन उखर्डूभाऊंना म्हणाला, "कॅसेट आणायला जाताय ना? मग सरका, तुमची जागा मी धरतो."